सरांचा पॉज

सरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांना बोलायला शिकवण्यात घालवलं. विमा विकणारे, मुलाखतीला घाबरणारे, बढती मिळाल्यावर मीटिंगमध्ये पाय लटपटणारे, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. शिकवणं ऑनलाइन झालं तेव्हा सरांनी मागच्या खोलीतल्या कपाटावर निळा पडदा टाकला, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली हाफ पँट घातली, आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. थेट प्रक्षेपणाची सगळी कटकट मुलीकडे. ती कॅमेऱ्यामागे लॅपटॉप घेऊन बसायची, आवाज बघायची, स्लाइड सरकवायची, प्रेक्षकांचे शेरे वाचायची.

"बाबा, जरा पुढे सरका. फार खालपर्यंत दिसताय."

"गुडघे दिसत नाहीत ना? मग आपण सज्जन."

पुढे शब्द हरवायला लागले. पहिल्यांदा गेला तो नेमका 'आत्मविश्वास'. ज्या शब्दावर घर चाललं तोच! सर हात हवेत धरून तसेच थांबले. मुलीनं घाईघाईनं शब्द मोठ्या अक्षरांत स्लाइडवर टाकला, सरांनी तो समोरच्या स्क्रीनवर वाचला आणि गाडी पुढे गेली. शेऱ्यांत मात्र वाहवा सुरू: "काय पॉज घेतला सर! अंगावर काटा आला!"

झालं. सगळा वर्ग पॉज घ्यायला लागला. एका विक्रेत्यानं सरावात एवढा लांबलचक पॉज घेतला की बाकीच्यांना वाटलं याचं नेट गेलं. सर पोट धरून हसले. मुलीला हसू आलं नाही. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो वाढतच जाईल म्हणाले, आणि वर्ग आवरते घ्यायला सुचवलं. घरी येऊन सर बराच वेळ चपला न काढताच बसले.

"वर्ग बंद करू नकोस गं. तेवढाच एक तास मी मी असतो."

"आणि अडकलात तर?"

"तू आहेस की. माझं हसं होतंय असं दिसलं तर खुशाल बंद कर. मला विचारत बसू नकोस."

"नक्की?"

"नक्की. पण उगाच घाईही करू नकोस हां."

मग 'उदाहरणार्थ' गेला, त्याच्या पाठोपाठ 'श्रोता'. पुढचा कोणता जाईल याचा अंदाज बांधून मुलगी आधीच स्लाइड करून ठेवायची. बापलेकीची ही लपवाछपवी इतकी सफाईदार झाली की प्रशिक्षण संस्थेनं सरांना 'बोलण्यातलं मौन' या विषयावर खास वर्ग घ्यायला सांगितलं. आता बोला!

त्या वर्गाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लोक जमले होते. सर ताठ उभे राहिले. म्हणाले, "नमस्कार, मी..." आणि थांबले.

मुलीनं त्यांचं नाव स्लाइडवर टाकलं. सरांनी ते स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "हे गृहस्थ आलेत का आज?"

शेऱ्यांत हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. "भारी सुरुवात, सर!" "मानलं बुवा!"

सरांनी कॅमेऱ्याच्या वरून मुलीकडे पाहिलं. नव्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेलं ते अदबशीर हसू चेहऱ्यावर आलं.

"या ना, संकोच करू नका. नवीन दिसताय. ओळख करून द्या."

मुलीनं प्रक्षेपण बंद केलं. लोकांना 'तांत्रिक अडचण' एवढी पाटी दिसली असेल. सरांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. दिवे चालू होते, कॅमेरा जागेवर होता. ते उत्तराची वाट बघत होते.

ती उठून उभी राहिली. तिनं आपलं नाव सांगितलं.

"आवाज मोठा. इथं सगळे आपलेच आहेत."

तिनं पुन्हा सांगितलं.

"शाब्बास. घरी कोण कोण असतं?"

"बाबा असतात."

"काय करतात?"

"बोलायला शिकवतात."

"अरे वा! मग तुम्हाला कसली आलीये भीती?" सर मनापासून हसले. त्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि तासभर तिला एकटीला शिकवलं. हात कुठे ठेवायचे, श्वास कधी घ्यायचा, बोलता बोलता गळा दाटून आला तर काय करायचं, तेसुद्धा.