वनिताची चौथी वही

यंत्रमागाचा, म्हणजे लूमचा, आवाज कमी करण्यावरचा तो शोधनिबंध वनिताने तीनदा वाचला. पहिलं नाव रामनाथ सरांचं, दुसरं त्यांच्या एका विद्यार्थ्याचं. त्या पोराने लूमचा कारखाना आतून पाहिलाही नव्हता. वनिताचं नाव कुठेच नव्हतं. आकडे मात्र सगळे तिचे होते.

कल्याणकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती सरांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक होती, कंत्राटावर. वडील रामदास यांनी धामणकर नाक्याजवळ लडकूशेठच्या कारखान्यात तीस वर्षं लूम चालवला आणि पन्नाशीतच त्यांचे कान गेले. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोकर देणारा लाकडी दांडा दर फेकीला लोखंडावर आपटतो, खरा खडखडाट तिथला. टायरचं रबर आणि काथ्या एकत्र दाबून वनिताने तिथे बसेल अशी तळहाताएवढी गादी बनवली. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद आणि कॉलेजला सुट्टी रविवारी, त्यामुळे तिचे रविवार आवाज मोजायचं यंत्र घेऊन कारखान्यात जात. तीन वह्या भरल्या. त्या तिने मोठ्या विश्वासाने सरांच्या हाती दिल्या होत्या.

नावाचं विचारायला ती सरांच्या खोलीत गेली, तर त्यांनी मान वर केली नाही. “अगं, तू कंत्राटी. आणि रबर कापणं म्हणजे संशोधन नव्हे.”

जूनमध्ये तिचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. ती दापोड्याच्या एका गोदामात खोक्यांवरचे कोड स्कॅन करायला लागली, उभ्याने, नऊ तासांची शिफ्ट.

तिने तक्रार केली नाही. राग तिने कुणाला दाखवलाही नाही, पण विझूही दिला नाही. कारण सरांना ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. उष्णतेने आणि लूमच्या तेलाने ती गादी दोन-तीन महिन्यांत कडक व्हायची. त्यावरचा उपायही तिने शोधला होता. रबराचं प्रमाण बदललं, वरून ट्रकच्या ताडपत्रीचं कव्हर शिवलं आणि एका लूमवर चार महिने चालवून पाहिलं. हे सगळं चौथ्या वहीत होतं, आणि चौथी वही घरच्या लोखंडी कपाटात.

दोन वर्षांनी लडकूशेठचा फोन आला. प्रयोगशाळेतलं संशोधन लोकांच्या वापरात आणण्यासाठी सरकारचं मोठं अनुदान रामनाथ सरांना मिळालं होतं. अट एवढीच, की गाद्या खऱ्या कारखान्यात सहा महिने चालल्या पाहिजेत. मग समिती येऊन पाहणार आणि पुढचा हप्ता सोडणार. सरांना शेठचा कारखाना हवा होता. नसती कटकट म्हणून शेठ नाही म्हणायच्या बेतात होते.

“द्या शेठ,” वनिता म्हणाली. “चोवीसच्या चोवीस लूम द्या.”

तिसऱ्या महिन्यात कारागिरांनी गाद्या उपटून कोपऱ्यात टाकल्या. समिती यायला पंधरा दिवस उरले तेव्हा सर वनिताच्या दारात उभे राहिले. आता ती वनिताताई झाली होती. तिने चहा केला. सल्लागार म्हणून मानधन देऊ, असं ते म्हणाले. तिने त्यांना चहा संपवू दिला आणि मग विचारलं, गादी कोणी बनवली.

“तुम्हीच,” सर म्हणाले.

“समितीला तसं लिहून द्याल?”

ते नंतर बघू, असं म्हणून सरांनी कप खाली ठेवला. वनिताने कपाट उघडून चौथी वही त्यांना दाखवली, नुसती वरूनच, आणि पुन्हा आत ठेवून किल्ली फिरवली. “मग मीपण नंतरच बघते.”

पाहणीच्या दिवशी सरांनी सकाळीच त्याच जुन्या प्रकारच्या कोऱ्या गाद्या बसवून घेतल्या. लूम बऱ्यापैकी शांत चालले होते. समितीच्या प्रमुख, एक वयस्क मॅडम, एका कारागिराजवळ थांबल्या आणि गादी कधीपासून लावलीय ते विचारलं.

“आज सुबह से, मैडम. पहलेवाली तो तेल पीकर पत्थर हो गयी थी.”

वनिता अर्धी रजा टाकून आलीच होती. लडकूशेठने तिची ओळख करून दिली. तिने पहिल्या तीन वह्यांच्या, सरांना देण्याआधीच काढून ठेवलेल्या झेरॉक्स आणि चौथी वही मॅडमच्या हातात ठेवली. पानोपानी तारीख होती आणि कारागिराची सही किंवा अंगठा. मॅडमनी सरांच्या निबंधातले आकडे पानांशी ताडून पाहिले आणि एवढंच विचारलं, की या तारखांना आपण इथे होता का.  सरांनी वनिताकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. ते उत्तर शोधत उभे होते तेवढा वेळ तिने मन भरून पाहून घेतलं.

अनुदान थांबलं. निबंध मागे घेतला गेला, कॉलेजने चौकशी लावली. वनिताने गोदामात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात चंद्रा घरी आली. ती लडकूशेठकडे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची आणि तिचा नवरा मोरू तिथेच लूमवर होता. ती बसली नाही.

“ती वही दोन वरसं तुझ्या कपाटात व्हती. मोरूला डाव्या कानानं आता कायच ऐकू येत न्हाय. तुला इलाज ठावा व्हता ना?”

वनिता हो म्हणाली.  तिच्या स्वतःच्या घरात एक माणूस बहिरा बसलेला होता, आणि तरी दोन वर्षं तिला फक्त सर दिसत होते.

पुढच्या रविवारपासून ती रबर कापायला बसली. दोन महिन्यांत चोवीस लूमना नव्या गाद्या लागल्या, पहिली मोरूच्या.  चंद्रा अजूनही कामापुरतंच बोलते, आणि वनिता तिच्यापुढे मान खाली घालूनच वावरते.

परवा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात तिला रामनाथ सर दिसले. त्यांनी तोंड फिरवलं. गर्दीत रिक्षा बराच वेळ अडकून पडली होती. वनिताला शिफ्टला उशीर होत होता, तरी ती रिक्षा सुटेपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहिली.