आईची गोळी आणि शेवटची पंगत

बाबांना साखर निघाली तेव्हा आमचं अख्खं घर कामाला लागलं. त्यांच्या गव्हाच्या पोळ्या बंद झाल्या, ज्वारीची भाकर सुरू झाली. मेथी, शेपू, कारलं यांचे वार ठरले. मेहकरच्या बाजारातून बाबांसाठी कॅनव्हासचे बूट आले आणि ते रोज पहाटे बसस्टँडच्या रस्त्याने फिरायला जाऊ लागले. वाटेत लोक त्यांना नमस्कार करायचे. पोट उतरलं तसे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला आहार सांगू लागले. ऐकणारे माना डोलवायचे. भाकरी थापणारी आत होती, तिच्याकडे कोणी मान वळवली नाही.

पुढे आईलाही साखर निघाली. तेव्हा घरात काहीच बदललं नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि ते तसंच वाचलं जावं.

डॉक्टरांनी तिला वेगळं काही सांगितलं नव्हतं. वजन उतरवा, रोज चाला, वेळेवर जेवा, गोळी चुकवू नका. पण ताजी भाकर बाबांच्या ताटात जायची आणि आईच्या ताटात रात्रीची पोळी नाहीतर फोडणीचा भात. मी ओरडले की म्हणायची, "मंग काय फेकून देऊ?" चालायचं म्हणाल तर ती चार-दोन सकाळी साडी खोचून, चपला घालून निघाली होती. कोपऱ्यावरच्या काकूंनी भर रस्त्यात विचारलं, "काऊन वं बाई, एवढ्या सकायी कुठी? घरी भांडण झालं का?" बाई रस्त्याने नुसती चालते आहे, तिला कुठेही पोचायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात बसेना. आई घरी परतली ती पुन्हा गेली नाही. आत्या म्हणाली, "दिवसभर राबते थे, तिले अजून कायचा व्यायाम पाह्यजे?" म्हणजे पुरुष चालला की आरोग्य, आणि बाई ओट्यापाशी उभी राहून पाय सुजवते तो तिचा व्यायाम!

आणि आमचं घर काही अडाणी नाही. बाबा शिक्षक, संघटनेचे कार्यकर्ते. मी अक्षरओळख झाल्यापासून पत्रकं वाचत आले. संध्याकाळी सतरंजीवर बसून आम्ही त्यांच्या घड्या घालायचो. संपाची, हुंड्याविरुद्धची, स्त्री-पुरुष समतेची. समतेचं पत्रक तर बाबांनी स्वतः लिहिलेलं होतं, आणि चांगलं लिहिलेलं होतं. ते वाचूनच मला राग करता येऊ लागला. संघटनेच्या बैठकांना किती कप चहा लागतो हे मात्र फक्त आईला माहीत असायचं.

गोळीची पद्धत बाबांनी लावून दिली. दोघांनाही जेवणाआधीची गोळी होती. आपल्या जेवणाच्या थोडं आधी बाबा हाक मारायचे, "चला, गोळीची वेळ झाली." दोन्ही पाकिटं काढायचे, एक गोळी स्वतः घ्यायचे, एक पाण्याच्या पेल्यासकट आईच्या हातात ठेवायचे. पाहणाऱ्याला वाटावं, केवढी काळजी! गोळी घेऊन बाबा पाटावर बसायचे आणि आई तव्यापाशी. त्यांचं झालं की माझं, मग आल्या-गेल्याचं, मग तिचं. त्या मधल्या वेळात तिला घाम यायचा, हात कापायचे. ती म्हणायची, गॅसची धग लागली. बाबाही तेच म्हणायचे. समतेचं पत्रक लिहिणाऱ्या माणसाला बायको आपल्यासोबत जेवत नाही हे दिसत नव्हतं, कारण तो जेवताना ती कायम समोर असायची, वाढत.

महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, आम्ही मोठेबाबांच्या गावी जातो. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तिथे आधी बोलावलेली माणसं, सवाष्णी आणि घरचे पुरुष, मग पोरंसोरं, आणि सगळ्यात शेवटी घरच्या बाया. गेल्याच्या गेल्या वर्षी बाबांनी तिथेही नियम पाळला. दुपारी पंगतीआधी आत येऊन आईला गोळी दिली आणि बाहेर जाऊन पहिल्या पंगतीत बसले. त्या दिवशी पाहुणे येतच राहिले. पानं उचलायची, पुसून घ्यायचं, पुन्हा मांडायची. आई पुरणपोळ्या लाटत होती. तिसरी पंगत बसली तेव्हा तिच्या हातातलं लाटणं सुटलं. मी वळून पाहिलं तर ब्लाउज घामाने चिंब, ओठ पांढरे, नजर कुठेतरी भलतीकडे.

"आई?"

"पोई जयली का वं?" तिने विचारलं. तव्यावर पोळी नव्हतीच.

मी साखरेच्या डब्यात हात घातला. मूठ तिच्या तोंडापाशी नेली तोच मोठ्या आईने, मोठेबाबांच्या बायकोने, माझं मनगट धरलं. "पागल झाली काय वं? साखर हाय तिले! मारतं का?"

"तिची साखर उतरली आहे, मोठी आई. हात सोड."

"आमाले नको शिकवू. गोड चालत नाई तिले, साऱ्या गावाले माहीत हाय."

साऱ्या गावाला एवढंच माहीत होतं. तिने सकाळपासून काही खाल्लं नाही, हेही साऱ्या घराला माहीत होतं, पण ते कोणाला धोक्याचं वाटलं नव्हतं. मी मनगट हिसकावलं. साखर पाण्यात ढवळून आईला घोट-घोट पाजली. थोड्या वेळाने तिने डोळे नीट उघडले आणि आधी पदर सारखा केला.

मेहकरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाबांशीच बोलले. "गोळी घेऊन उपाशी राहतात का कोणी? या बायांना सांगून समजत नाही." बाबांनी मान हलवली. मी म्हटलं, "सर, हिला सगळं समजतं. हिला जेवायला कोणी बसू दिलं नाही." डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. बाबा माझ्यावर चिडले, मी चारचौघांत बोलले म्हणून. परतीच्या रस्त्यात मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही गोळी दिली. ताट काऊन नाही दिलं?" तेव्हापासून घरी आम्ही तिघं एकत्र बसतो. भाकरी आधी होतात, गार झाल्या तरी चालतात. बाबा हे चारजणांना सुधारणा म्हणून सांगतात, तेव्हा माझ्या डोक्यात जातं. आईची शुद्ध हरपली तेव्हा कुठे ताट मांडलं गेलं!

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना मोठ्या आईने माजघरात, दाराआड, आईचं पान मांडलं. "तू इथीच खाऊन घे. कोणाले दिसत नाई."

आईने पानाकडे पाहिलं. "चोरून काऊन खाऊ? म्या का चोरी केली?"

तिने पान उचललं, बाहेर आली आणि पहिल्या पंगतीच्या टोकाला बसली. मोठेबाबा हसत म्हणाले, "घ्या! आता घरच्या बाया बी पह्यल्या पंगतीले!"

"हाव," आई म्हणाली. "गोई घेतली म्या. तुमी वाढता का, भाऊजी?"

पंगत खो-खो हसली. वाढायला मात्र कोणी उठलं नाही. मोठेबाबा नाही, बाबाही नाही. मीच वाढलं. आईने अर्धी पुरणपोळी घेतली, भाजी दोनदा मागितली, भात नको म्हणाली, आणि मान खाली न घालता सावकाश जेवली.

आत उरलेल्या बाया दुपार कलेपर्यंत उपाशीच वाढत होत्या. त्यांना साखर निघालेली नाही, म्हणून त्यांना पान नाही. बाईला वेळेवर जेवायला आजारपणाची परवानगी लागते, हे ज्यांना हसण्यासारखं वाटतं त्यांनी हसावं. माझा राग अजून उतरलेला नाही.