श्रमदान नव्हतं ते

"आम्ही मारतात!" सर मोठ्यानं म्हणाले, आणि अख्खा वर्ग हसला.

माझी बातमी होती ती. मी नववीत होते. शाळेत 'विद्यार्थी पत्रकार' उपक्रम नवा सुरू झालेला. महिन्याला एक भित्तिपत्रक, आणि त्यातली एक बातमी परिपाठाला माईकवर वाचायची. मराठीचे सर ते बघायचे. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. हे त्यांनीच फळ्यावर लिहून दिलेलं. मी तसंच लिहिलं. 'आम्ही वसतिगृहाच्या मुली रोज सकाळी शाळेत झाडू मारतात. संडासपण आम्हीच धुतात. गावातल्या मुली नाही. का?'

सरांनी कागद दोन बोटांत धरला होता.

"घरी काय बोलतेस गं?"

"पावरी." आमची डोंगरातली बोली.

"तरीच." मग पुढच्या बाकाकडे वळून त्यांच्या अहिराणीत, "हाई मराठी शे का?"

पुढचा बाक पुन्हा हसला. तिथं गावातल्या बागायतदारांच्या मुली बसायच्या.

"बस खाली. झाडू चांगला मारतेस ना? तेच कर."

बसले. कान तापले होते. माझ्या शेजारची मुलगीही हसली होती. माझ्याच डोंगरातली, रोज माझ्याबरोबर झाडणारी. भीतीनं हसली. तेच जास्त लागलं.

आठवड्यानं भित्तिपत्रक लागलं. मथळा, 'वसतिगृहातील विद्यार्थिनींचे स्वयंस्फूर्त श्रमदान'. शाळेवरील प्रेमापोटी आम्ही आनंदाने परिसर स्वच्छ ठेवतो, असं आत लिहिलेलं. एक चूक नाही. आणि खाली माझं नाव.

शेजारचीनं विचारलं, "तू लिहिलं हे?"

"नाही."

"नाव तर तुझंच आहे."

त्या दिवसापासून संडास धुताना ती माझ्याशी बोलेना. झाडू हातात देणं वेगळं. इथं तर मी हसत हसत झाडते, हे माझ्याच तोंडी घातलं होतं.

सर मात्र खूश. सोमवारी तळोद्याहून शाळा तपासायला साहेब येणार होते. "तूच वाचायचं. पाठ कर. उच्चार नीट."

सोमवारी परिपाठाला साहेब खुर्चीवर बसले होते. मी माईकपुढं गेले. कागदाची घडी घातली.

"हे श्रमदान नाही," मी म्हणाले. "आम्हाला कोणी विचारलं नाही. झाडायच्या यादीत फक्त डोंगरातल्या मुली आहेत. रोज आम्ही झाडू मारतात. का?"

'मारतात'च म्हणाले. मुद्दाम नाही, तसंच आलं. या वेळी कोणी हसलं नाही.

सरांनी माईकची वायर ओढली. मग मी नुसत्या आवाजात यादीतली नावं घेतली, एकेक करून. शेजारचीचं नाव आलं. ती खाली बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "हजर." तिच्यामागून दुसरी. मग तिसरी.

साहेब घड्याळ बघून उठले.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. ते जीपला लटकून खाली आले. हेडमास्तर म्हणाले, "माफी लिहून द्या, नाहीतर मुलीला घरी न्या."

बाबांनी मला पावरीत विचारलं, खोटं बोललीस का? मी म्हटलं, नाही. ते हेडमास्तरांकडे वळले. त्यांचं मराठी माझ्याहून मोडकं.

"खोटं नाय बोलली. माफी नाय."

मला घरी कोणी पाठवलं नाही, पत्रकारांतून मात्र काढलं. भिंतीवरची झाडायची यादी गेली, काम गेलं नाही. आता तोंडी हाका मारायचे. काही मुली जायच्या, घरच्यांना बोलावतील ही त्यांना भीती. मी एकदाही गेले नाही. रोज वर्गाबाहेर उभं केलं. उभी राहिले. शेजारचीही माझ्या बाजूला येऊन उभी राहायला लागली.

आज मी अकरावीत आहे. वसतिगृहात, आश्रमशाळेत काय चालतं ते विचारत फिरते आणि लिहिते. माझं व्याकरण अजून चुकतं. कोणी दाखवलं तर शब्द दुरुस्त करीन. घडलेलं दुरुस्त करू देणार नाही.