पहिल्या विमानाची चौकशी

हे किस्से मी जमवायला गेलो नव्हतो. दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं शहराबाहेरच्या एका माळावर रिमोटची विमानं उडवायला जमली, की विमानं पडतात आणि किस्से उरतात. पडलेलं विमान फेविक्विकनं चिकटतं, किस्सा मात्र दर आठवड्याला थोडा वाढतो! मी सांगतोय ते जसेच्या तसे आहेत. तरी संशय आला तर खुशाल घ्या, मला राग यायचा नाही. संशय घेणं हाच माझा धंदा होता.

मी वाघमारे. तीस वर्षं एका सरकारी कंपनीच्या व्हिजिलन्समध्ये काढली, आता निवृत्त होऊन विद्यानगरला असतो. वडील नांदेडकडून इथं कामाला आले होते. लहानपणी मी बेगमपेटच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर उभा राहून विमानं बघायचो आणि पहारेकरी हाकलायचा. ते वेड डोक्यातून गेलं नाही. साठी उलटल्यावर का होईना, एक विमान आपल्या हातानं उडवायचं, एवढीच इच्छा होती.

घरून परवानगी मिळाली, पण अटीवर. माझी बायको सुनंदा म्हणाली, "एकच घ्या. तुटलं की संपलं. तुमची दुर्बीण, तुमचा कॅमेरा, तुमची बासरी, सगळं माळ्यावर पडलंय. आता तिथं जागा नाही." ती बोलते ते करते. म्हणजे पहिलं विमान चुकीचं निवडलं, की माझा विषय तिथंच बंद.

त्यात माळावरच्या आमच्या मंडळाचा एक जुना नियम आहे. ज्याचं विमान पडेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना नाश्ता द्यायचा. इडली, मिरची भजी, वर चहा. आता मला सांगा, माझं विमान पडल्यावर ज्यांच्या ताटात भजी पडणार, ते मला खरा सल्ला कशाला देतील? व्हिजिलन्समध्ये पहिलं काय शिकवतात, तर फायदा कुणाचा ते बघा!

* * *

आबिड्सच्या एका गल्लीत मोईनभाईंचं विमानांचं दुकान आहे. मोईनभाई आमच्या मंडळातलेच. त्यांच्या फळीवर एक लालभडक लढाऊ विमान होतं, टोकदार पंखांचं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "ये आपके वास्ते नक्को साहब. ये हाथ से छूटतेइच जमीन में जाता." आणि पुढ्यात ठेवलं काय, तर थर्माकोलसारख्या फोमचं एक पांढरं, गुबगुबीत विमान. जाडजूड पंख, तोही पाठीवर बसवलेला. किंमत लालच्या निम्मी.

महागाचा माल लपवून स्वस्तातला पुढं करणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी पाहिला नव्हता. माझे कान तिथंच टवकारले.

मी घरी येऊन एकोणीस प्रश्न लिहून काढले आणि तेच प्रश्न ओळीनं तीन शनिवार जाऊन विचारले. तिन्ही वेळा उत्तरं अगदी तीच आली. संशय आणखी वाढला. खऱ्या माणसाची उत्तरं थोडी तरी इकडंतिकडं होतात, तंतोतंत तीच देतो तो पढवलेला साक्षीदार!

शेवटी चौथ्या शनिवारी मी सुनंदाला अनोळखी गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. भाच्यासाठी विमान हवंय, असं सांगायचं ठरलं होतं. तिनं पर्समधून माझाच कागद काढला आणि एकेक प्रश्न वाचायला घेतला. सहावा प्रश्न झाल्यावर मोईनभाईंनी तिला स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "भाभी, सातवाँ मैं पूछ लूँ? बॅटरी फूली तो जिम्मेदारी किसकी?"

सुनंदा घरी येऊन म्हणाली, माणूस चांगला आहे, चहा पाजला. मी विचारलं, चहा कशाला पाजला?

* * *

कुलकर्णी पुण्याचा. वय तीस-बत्तीस, हायटेक सिटीत आयटीत आहे. पहिलं विमान कोणतं घ्यावं यावर मंडळात सगळ्यात जास्त माहिती त्याला. त्याच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. पंखांची लांबी, वजन, मोटर, बॅटरी, स्पेअर पार्ट कुठं मिळतात, सगळे कॉलम भरलेले. नवा माणूस आला, की कुलकर्णी त्याला झाडाखाली घेऊन बसतो आणि तासभर समजावतो. मलाही समजावलं. मला पटलंसुद्धा.

निघताना मी सहज विचारलं, तुझं स्वतःचं कोणतं?

"अजून घेतलं नाही काका. रिसर्च चालू आहे."

मंडळात येऊन त्याला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत तो एकही रविवार चुकला नव्हता. दर रविवारी कुणाचं ना कुणाचं विमान पडत होतं आणि हा गृहस्थ खुर्चीत बसून इडली खात होता. नाश्ता कधीच न देता आठ महिने खाणारा मंडळातला हा एकमेव माणूस! मी त्याला तसं स्पष्टच बोलून दाखवलं. त्यानं भजी चटणीत बुडवली आणि म्हणाला, "काका, पहिलं विमान चुकायला नको ना. म्हणून आधी बाकीच्यांची बघून घेतोय."

* * *

गौलीगुड्यातल्या एका फोटोग्राफरचं जुनं विमान विकायला आहे, असं कळलं. त्यानं ग्रुपवर टाकलं होतं, 'एकदाच वापरलेलं'. मी भिंग घेऊन गेलो. हो, भिंग! सुनंदा हसली, पण मी घेऊन गेलो.

विमान दिसायला नवंकोरं होतं. मी शेपटीपासून सुरुवात केली. पंखावर एक मोठं वाघाचं स्टिकर होतं. मला प्रश्न पडला, की विमानावर वाघ कशाला? नखानं कडा उचलली, तर खाली फेविक्विकची इकडून तिकडे गेलेली रेघ. दुसऱ्या पंखावर दुसरा वाघ, त्याच्याखाली दुसरी रेघ. पोटावर गरुड होता. गरुडाखाली तर विमानच नव्हतं, नुसती चिकटपट्टी होती.

मी त्याला म्हणालो, अहो, तुम्ही एकदाच वापरलेलं लिहिलंय. तो जराही वरमला नाही. "झूठ कहाँ लिखा अंकल? एक बार उड़ाया. उसके बाद उड़ने के लायक रहा कहाँ?"

* * *

दरम्यान मी कम्प्युटरवर सराव करत होतो. विमान उडवायचा गेम असतो, त्यात रिमोटसारखीच दांडी. तिथं माझं एकही विमान अर्ध्या मिनिटाच्या वर हवेत राहात नव्हतं. अडचण एकच. विमान आपल्यापासून लांब जातंय तोवर ठीक, पण आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. बोटांना ही सवय लागावी म्हणून मी सकाळी फिरायला जातानाही दोन्ही अंगठे हवेत हलवत चालायचो.

गल्लीतल्या लक्ष्मम्मांनी ते पाहिलं आणि सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं, साहेबांचे हात कापायला लागलेत, लवकर दाखवा. आता संशय घ्यायची पाळी सुनंदाची होती. तिनं मला काही न सांगता चार दिवस माझे अंगठे बघितले. मी जेवतानाही हलवत होतो म्हणे. पाचव्या दिवशी बीपी तपासायचं निमित्त करून मला थेट नसांच्या डॉक्टरांपुढं बसवलं.

मी खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी मला दोन-तीन वेळा डावं-उजवं करून दाखवायला लावलं. मग त्यांनी सुनंदाला विचारलं, घरात विमान आहे का? ती म्हणाली, अजून नाही. किती दिवस चाललंय? ती म्हणाली, पाच महिने. डॉक्टरांनी पॅडवर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडं न देता तिच्याकडं दिला. मी खांद्यावरून वाचलं. औषध एकही नव्हतं. लिहिलं होतं, 'विमान घेणे.'

डॉक्टर स्वतः कुठंतरी उडवत असणार, असा माझा दाट संशय आहे.

* * *

कागदावर लिहून आल्यामुळं आता घेणं भाग होतं. घेण्याआधी शेवटची साक्ष रेड्डीगारूंची काढायची ठरवली. रेड्डीगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'साहेब') आमच्या मंडळाचे गुरू. निवृत्त इंजिनिअर, कमी बोलतात. माळावर उडवायची परवानगी त्यांनीच काढलेली, आणि नव्या माणसाला शिकवतातही तेच. मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी एकच विचारलं, तुम्हाला मनापासून कोणतं आवडलंय? मी म्हणालो, ते लाल. ते म्हणाले, "तो वो मत लेव. पहला वो लेना, जिसकू टूटते देख सकते. पसंद का दूसरा लेना."

मी त्यांना सांगितलं, की माझ्या नशिबात दुसरं नाहीच. त्यावर त्यांनी नुसतं वर बघितलं. मला त्यांचं वर बघणंही संशयास्पद वाटलं. माझीही नजर वर गेली, तर छताला एक विमान टांगलेलं. लाकडाचं, हातानं बनवलेलं, निळं-पिवळं. एक ओरखडा नाही. मी म्हणालो, हे कोणतं?

"पहला."

मी मनात म्हटलं, सापडला गडी! लोकांना तुटणारं घ्यायला सांगायचं आणि स्वतःचं पहिलं विमान काचेसारखं जपायचं. मी विचारलं, हे एकदाही पडलं नाही?

रेड्डीगारूंनी चष्मा काढून पुसला. "उड़ायाइच नहीं," ते म्हणाले.

मी तिथून थेट आबिड्सला गेलो आणि मोईनभाईंचं पांढरं गुबगुबीत विमान घेतलं. मोईनभाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

* * *

त्या रविवारी सुनंदा विहारातून परस्पर माळावर आली, पांढऱ्या साडीतच. छत्री उघडून बसली. एकच विमान आहे, ते कसं जातं ते बघायला आले, असं म्हणाली.

मी चाळीस मिनिटं तपासणी केली. बॅटरी, स्क्रू, पंखांच्या पट्ट्या योग्य बाजूला हलतात का, तीस पावलं लांब जाऊन रिमोट लागतो का. परत पहिल्यापासून. मोईनभाई म्हणाले, साहब, वारा सुटेल. मी त्यांच्या हातातल्या रिकाम्या प्लेटकडं बघितलं आणि तिसऱ्यांदा स्क्रू तपासले.

नवशिक्याला उडवू देताना दोन रिमोट एका तारेनं जोडतात. एक गुरूच्या हातात, एक शिष्याच्या. गुरूनं खटका टाकला की विमान शिष्याच्या ताब्यात. शिष्य गडबडला, की खटका उलटा करून गुरू विमान परत घेतो. सोय चांगली आहे. पण विमान या घडीला कुणाच्या ताब्यात आहे, हे शिष्याला कळायचं कसं? गुरू तर पाठीमागं उभा!

रेड्डीगारूंनी विमान उडवलं, चांगलं उंच नेलं आणि म्हणाले, "लेव."

मी दांडी डावीकडं केली. विमान डावीकडं वळलं. उजवीकडं केली, उजवीकडं वळलं. आमच्याकडं तोंड करून आलं, तरी पडलं नाही. एक चक्कर झाली, दुसरी झाली. घरी कम्प्युटरवर अर्ध्या मिनिटात आपटणारा मी, इथं मला दोन चक्करा कशा जमतात?

आणि मग सगळं लख्ख कळलं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून रेड्डीगारूच उडवत होते. मी आपला खुळ्यासारखा दांड्या हलवत होतो. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. पडलं असतं तरी चाललं असतं, पण ते माझ्या हातून पडायला हवं होतं. अशा वेळी व्हिजिलन्सवाला काय करतो? सापळा लावतो! मी कुणाला कळू न देता दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले.

विमान सरळ चाललं होतं. पंख समांतर, आवाज तोच, एवढासुद्धा हेलकावा नाही.

मी रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला, दोन्ही हात वर केले आणि गर्रकन मागं वळलो. "रेड्डीगारू, पकड़े गए! आप उड़ा रहे!"

रेड्डीगारूंचा रिमोट त्यांच्या गळ्यात लटकत होता. त्यांचे दोन्ही हात पाठीमागं होते. ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या डोक्यावरून लांब आभाळात बघत होते. मोईनभाईंचा चहाचा ग्लास ओठांपाशी थांबला होता. कुलकर्णी खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

सुनंदानं छत्री बाजूला केली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "ते कुणाच्याच हातात नाहीये. तुम्ही तरी धरा."

मी धरलं. चार मिनिटांनी विमान गवतात उतरलं, अख्खं.