धुराड्यातून आलेला वान्हाल

लुबोर कोत्रबा शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे होता. गणितानं त्याला दोनदा अडवलं आणि शेवटी तो माझ्याच बाकावर येऊन बसला. त्यामुळे तो मला 'युदिता' म्हणतो, मी त्याला 'लुबोर' म्हणते, आणि एकमेकांना टोमणे मारायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

बापाच्या पाठोपाठ तोही गावची धुराडी साफ करू लागला. काळे कपडे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर दोरी नि तिला ब्रश. आमच्याकडे समजूत आहे, धुराडेवाला दिसला की आपल्या कोटाचं बटण चिमटीत धरायचं, म्हणजे दिवस चांगला जातो. लुबोर चौकातून जायला लागला की निम्मं गाव बटणं धरून उभं असायचं आणि हा एखाद्या मंत्र्यासारखा मान डोलवत पुढे जायचा.

संगीताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. एक्काहत्तर सालच्या मार्च महिन्यात तो पाद्रीबुवांच्या घराचं धुराडं साफ करायला छपरावर चढला. दोरी आत सोडली, आणि खालून, काजळीच्या वासाबरोबर, व्हायोलिनं वर आली. पाद्रीबुवा खाली शेगडीपाशी बसून तबकडी ऐकत होते आणि सगळा आवाज त्या अरुंद नळीतून छपरावर येत होता. लुबोर धुराड्याच्या कडेवर बसला तो बसलाच. वीस मिनिटं ब्रश हलेना, तेव्हा पाद्रीबुवा घाबरून अंगणात धावले.

"कोत्रबा! अरे, जिवंत आहेस ना?"

"बुवा, तबकडी उलटी करा," वरून उत्तर आलं. "दुसरी बाजू राहिलीय."

खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, हे कुणाचं? पाद्रीबुवा म्हणाले, "वान्हालचं. नेखानित्सेचा. सायकलवरून अर्ध्या तासावर जन्मला तो, सव्वादोनशे वर्षांपूर्वी. जमीनदाराचा वेठबिगार होता. शिकवण्या करून पैसे साठवले आणि स्वतःलाच विकत घेऊन मोकळा झाला. व्हिएन्नात नाव काढलं."

लुबोरला हे फार लागलं. इतक्या जवळचा माणूस, सत्तरच्या वर सिंफनी लिहून गेला आणि आपल्याला पत्ता नाही! त्याला वाटलं, गावानं मुद्दाम लपवून ठेवलं.

तिथून तो तबकड्या जमवू लागला. दुकानात वान्हालच्या एक-दोन मिळायच्या, त्या संपल्या की दुकानदार खांदे उडवायचा. पण धुराडेवाल्याला प्रत्येक घरात शिरता येतं. लुबोर आधी शेगडी बघायचा, मग कपाट. एखाद्या म्हातारीकडे तबकडी दिसली की चेहरा पाडून म्हणायचा, "आजी, धुराडं फार वाईट अवस्थेत आहे. दोनदा यावं लागेल." आजी हवालदिल झाली की म्हणायचा, "बघू, काही जमवता येईल." दुसऱ्या खेपेला तबकडी त्याच्या पिशवीत असायची. ब्लाझेना, म्हणजे त्याची बायको, याला सरळ दरोडा म्हणायची.

मग ब्रेमेनचा एक निवृत्त ट्रामचालक भेटला, पत्रातून. डेटमर नाव. त्यालाही जुन्या काळच्या कमी नावाजलेल्या संगीतकारांचं वेड. लुबोर जंगलातून अळंबी गोळा करून वाळवायचा, पुडा बांधून तिकडे धाडायचा, आणि तिकडून तबकडी यायची. यात एकच गोम होती. आमचं गाव ल्होटा, आणि त्या नावाची गावं आमच्या देशात शेकड्यांनी. चौकडीची, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेची, एक तबकडी तीन ल्होटे फिरून, सात आठवड्यांनी पोचली. एका ल्होट्याच्या पोस्टमास्तरणीनं त्यावर चिठ्ठी लिहिली होती: 'ऐकली. छान आहे. दुसरी बाजू जरा उदास.'

तबकड्या ठेवायच्या कुठे? फळीवर मुरंब्याच्या बरण्या होत्या. बरण्या मागे सरकल्या, वान्हाल पुढे आला. त्यावरून घरात जी भांडणं व्हायची ती मी भिंतीपलीकडून ऐकलेली आहेत. आमची घरं लागूनच.

"ही चौकडी तुझ्याकडे आहे ना रे?" ब्लाझेना विचारायची.

"आहे."

"मग ही कुठली?"

"तीच. पण वाजवणारे वेगळे."

"आणि ती तिसरी?"

"तीही तीच. पण यात चेलोवाला दमादमानं घेतो."

"एकच गाणं पाच-पाचदा! माणसं वेड्यात काढतील."

"तू दर रविवारी कणकेचे क्नेडलीक उकडतेस. ते काय दर वेळी सारखे लागतात?"

"सारखेच लागतात!"

"तेच तर दुःख आहे, ब्लाझेना."

त्या रविवारी त्यांच्याकडे जेवण झालं नाही. लुबोर आमच्याकडे सूप प्यायला आला.

मी गावच्या वाचनालयात होते, एकतीस वर्षं. पुस्तकांबरोबर आमच्याकडे तबकड्याही असायच्या, घरी न्यायला मिळायच्या. त्र्याण्णव सालच्या शरदात लोक विचित्र तक्रारी करू लागले. हायडनची, म्हणजे वान्हालच्याच काळातल्या जगप्रसिद्ध संगीतकाराची, तबकडी नेली की आतून चिठ्ठी पडते. 'हे आवडलं? मग शेजारच्या गावचा वान्हाल ऐकून बघा. स्वरलिपी उतरवणाऱ्या खुद्द नकलनविसांना दोघांतला फरक कळत नसे.' दुसऱ्या पाकिटात: 'हायडन ठीकच आहे. पण वान्हाल आपला आहे.' एका तबकडीवर तर नावाच्या जागी कागद चिकटवला होता: 'कशावरून हायडन?'

चिठ्ठ्यांच्या कडेला अंगठ्याचे काळे ठसे. असले ठसे गावात एकाच अंगठ्याचे होते.

सगळ्यात जास्त चिडले ते ट्रेपेशमास्तर. संगीतशाळेत व्हायोलिन शिकवायचे. हायडनचं नाव घेताना ते कोटाचं वरचं बटण लावून घ्यायचे, इतका आदर. त्यांनी मला लेखी तक्रार दिली, दोन पानी. त्यात 'धुराड्यातला विद्वान' असा शब्द होता. तो मी लुबोरला वाचून दाखवला. चूक माझीच.

"मला विद्वान म्हणाला?" लुबोर खूष झाला.

"पुढचंही ऐक. म्हणतात, वान्हाल म्हणजे पाणी घातलेला हायडन."

लुबोरचा चेहरा काजळीतूनही लाल झालेला दिसला.

त्याची गोंदाची बाटली जप्त करत मी शिक्षा सुनावली: येत्या रविवारी दुपारी तीन वाजता वाचनालयात सगळ्यांसमोर वान्हाल ऐकवायचा, समजावून सांगायचा, आणि चिठ्ठ्यांची सगळी चिकटवाचिकटवी बंद. त्यानं एका पायावर कबूल केलं. इतक्या पटकन, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी बिअरच्या गुत्त्यात त्यानं मास्तरांना गाठलं आणि भरल्या टेबलासमोर पैज लावली. तीन तुकडे वाजवायचे. कुठला हायडनचा, कुठला वान्हालचा, मास्तरांनी ओळखायचं. एक जरी चुकला, तरी मास्तरांनी तोंडाला काजळी फासून चौक ओलांडायचा.

"आणि सगळे बरोबर आले तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर मी तोंड धुऊन चौक ओलांडेन. गावानं मला तसा कधी पाहिलेलाच नाही."

"ते नको. तुम्हीही त्यातलं काही चुकलात, तर तुमच्याही तोंडाला फासायची."

"मान्य. माझ्या तोंडाला असंही काय नवं?"

शनिवारी तो माझ्याकडे आला, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तबकड्या तू लावशील. पहिला वान्हाल, दुसरा वान्हाल, तिसराही वान्हाल."

"आणि हायडन?"

"हायडन येणारच नाही. मास्तर बसतील शोधत." आनंदानं त्याला धड उभं राहता येत नव्हतं. तिसरं संगीत नव्या छोट्या चकचकीत सीडीवर होतं. डेटमरनं पाठवलेली ती सीडी, दुसऱ्या एका ल्होट्याला जाऊन, त्याच दिवशी सकाळी पोचली होती. ती वाजवायचं यंत्र गावात फक्त वाचनालयात होतं, त्यामुळे लुबोरनं ती अजून ऐकली नव्हती. "आत्ता लावू का?" मी विचारलं. "नको," तो म्हणाला, "उद्या सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकेन. वान्हाल मला कुठेही कळतो, युदिता. झोपेतसुद्धा."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर मी सरळ वागले असते. मी देवाला भिणारी बाई आहे. पण 'झोपेतसुद्धा' म्हटल्यावर माझ्या हाताला खाज सुटली. तो गेल्यावर मी त्या पाकिटात आमच्याकडची हायडनची एक सीडी घातली. फारशी न वाजवली जाणारी, जुनी सिंफनी, मधला भाग संथ नि दुःखी.

रविवारी वाचनालय भरलं. ब्लाझेनानं दोन पराती कोलाचे, म्हणजे गोड पाव, आणले होते, खसखस नि आलुबुखार भरलेले. मास्तर पहिल्या रांगेत. सगळी बटणं लावलेली.

पहिला तुकडा वाजला. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "हायडन. प्रश्नच नाही. ही ऐट दुसऱ्या कुणाची नाही."

लुबोरनं तोंडात कोलाच कोंबला, हसू दिसू नये म्हणून.

दुसऱ्याला मास्तर म्हणाले, "वान्हाल. बघा, कसा एकाच जागी गोल गोल फिरतोय."

मग मी सीडी लावली. संथ भाग सुरू झाला. व्हायोलिनं अगदी दबक्या आवाजात, खाली चेलो एकेक पाऊल टाकत. खोलीतलं चमच्यांचं वाजणं थांबलं. मी लुबोरकडे पाहिलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नुसतं पाणी असतं तर कळलं नसतं. काजळीतून दोन पांढऱ्या वाटा पडल्या होत्या. संगीत संपल्यावर तो उठून उभा राहिला.

"मंडळी, हे राजवाड्यात वाढलेल्या माणसाचं नाही. ज्यानं स्वतःलाच विकत घेतलंय, त्यालाच असं लिहिता येतं. मास्तर, काय म्हणता?"

ट्रेपेशमास्तरांनी रुमालानं नाक पुसलं. "वान्हाल," ते म्हणाले. "सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण हायडन इतका वेळ रडत बसला नसता."

आता लुबोरनं दोन्ही हात वर केले. "मास्तर, तिन्ही वान्हाल होते! तुमची ऐटसुद्धा! युदिता, सांग यांना!"

सांगावं की नाही, असा प्रश्न मला क्षणभर पडला. पण सीडी परत ठेवायला काढलेलं हायडनचं पाकीट माझ्या हातात होतं आणि ते ब्लाझेनानं पाहिलं.

"तिसरं हायडनचं होतं," मी म्हटलं. "माझी खोडी."

लुबोर माझ्याकडे पाहत होता, मास्तर सीडीकडे. मग ब्लाझेनाला हसू फुटलं. ती अशी हसली की परातीतले दोन कोलाचे जमिनीवर पडले. "वीस वर्षं!" ती म्हणत होती. "वीस वर्षं मुरंबा मागे सरकवला यानं!" मग सगळेच हसले. दोघे सोडून.

लुबोर दाराशी गेला, आपली पिशवी उघडली, मूठभर काजळी काढून मास्तरांसमोर उभा राहिला. मला वाटलं आता मारामारी होते. पण मास्तरांनी निमूटपणे चष्मा काढला आणि चेहरा पुढे केला. नंतर लुबोरनं स्वतःच्या गालावरच्या त्या दोन वाटा बुजवल्या. दोघं चौकातून निघाले, शेजारी शेजारी. समोरून चर्चहून येणारी माणसं त्यांना बघून बटणं धरू लागली. मास्तरांच्या नशिबी हा मान पहिल्यांदाच आला. पाणवठ्याच्या कारंज्याशी पोचेपर्यंत तेही मान डोलवायला लागले होते.

लुबोर माझ्याशी अडीच महिने बोलला नाही. गावातली सगळी धुराडी झाली, वाचनालयाचं राहिलं, त्यामुळे शेगडी पेटवता येईना. मी कोट घालून पुस्तकं द्यायचे आणि लोकांनी विचारलं तर म्हणायचे, शेगडी दुरुस्तीला आहे. डिसेंबरात एक दिवस छपरावर खडखड झाली. तासाभरानं तो खाली आला, हात पुसले, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "त्या दुसऱ्या माणसाचं अजून काही आहे का?"

"कुठल्या दुसऱ्या?"

"तुला माहीत आहे."

"नाव घे."

"हायडन," तो पुटपुटला. "पण पिशवीत घालून दे. ब्लाझेनाला दिसता कामा नये."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी तो मास्तरांकडे जाऊ लागला. एक तबकडी लुबोरची, एक मास्तरांची. भांडण दोघांचं मिळून. मास्तरांनी आयुष्यात कधी ऐकला नसेल इतका वान्हाल त्या खोलीत ऐकला आणि एका चौकडीला तर 'बरी आहे' असंही म्हणाले. लुबोरनं ती तारीख पाकिटावर लिहून ठेवली.

आता लुबोर ऐंशीच्या पुढे आहे. धुराडी त्याची मुलगी साफ करते. मास्तर चार वर्षांपूर्वी गेले. लुबोरचे कान थकलेत. व्हायोलिनचे वरचे सूर त्याला ऐकूच येत नाहीत. मागच्या गुरुवारी मी त्याच्याकडे गेले, तर चौकडी लावून बसला होता. मला फार वाईट वाटलं.

"काय ऐकू येतं तुला?" मी जरा ओरडूनच विचारलं.

"चेलो. आणि थोडा व्हिओला."

"मग अर्धंच की रे."

तो हसला. व्हिएन्नात म्हणे एकदा चार जण मिळून चौकडी वाजवायला बसले होते; हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट आणि वान्हाल. त्या वेळच्या एका गायकानं लिहून ठेवलंय, असं त्यानं मला सांगितलं. वान्हालकडे चेलो होता.

"त्या कोपऱ्यात बसून त्याला जे ऐकू येत असेल," लुबोर म्हणाला, "ते मला आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय. बस. आणि बोलू नकोस."

मी बसले. पण त्याआधी मी तबकडी बदललेली नाही ना, याची त्यानं दोनदा खात्री करून घेतली.