रावसाला काय आवडतं?

गरीला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जाणाऱ्या माणसाची पिशवी रिकामी परत येते, तोंड मात्र कधीच रिकामं येत नाही! मासा सुटला की त्याचा एक किस्सा, आणि मासा आलाच नाही तर त्याहून मोठा. आमच्या चौघांचे आजवरचे मासे एका टोपलीत मावतील. किश्शांना होडी लागेल.

दर रविवारी सकाळी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, खडकांवर, आम्ही गळ टाकून बसतो. हवा असतो तो रावस. मुंबईच्या हॉटेलांत यालाच ‘इंडियन सामन’ म्हणतात आणि शेजारी लिंबाची फोड ठेवून देतात. आमचा रावस लिंबापर्यंत पोचतच नाही, कारण आमची अर्धी सकाळ एकाच वादात जाते. गळाला लावायचं काय? ताजी कोलंबी, म्हाकूळ (म्हणजे स्क्विड), की तो प्लॅस्टिकचा चकचकीत खोटा मासा, ज्याला ल्युअर म्हणतात?

*

कांबळे सर कोलंबीवाले. मूळचे मंडणगडचे, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. रविवारी उजाडता उजाडता बाजारात जाऊन ते एकेक कोलंबी उचलून, डोळ्यासमोर धरून, मिशा मोजून घ्यायचे.

कोळीण पहिल्या दिवशी म्हणाली, “काय ओ सर, खायाला की गरीला?”

“गरीला.”

“मग ही काल-परवाची घ्या की! मासा काय नाक मुरडतो?”

“रावस आहे तो,” सर गंभीरपणे म्हणाले. “त्याला शिळं चालत नाही.”

हे असं चार-पाच रविवार चाललं. मग एका बुधवारी कांबळे वहिनी स्वतः बाजारात गेल्या. कोळणीनं कौतुकानं सांगितलं, “वैनी, सर लई पारखी हां! एक मऊ कोलंबी घेत नाहीत!”

वहिनींना हे नवीनच होतं. कारण घरी सर जी कोलंबी आणायचे ती दुपारी, बाजार उठताना, जी उरेल ती!

पुढच्या रविवारी सरांनी खडकावर डबा उघडला. आत पोळी, आणि भाजीच्या जागी एक चिठ्ठी: ‘ताजी कोलंबी रावसाकडे आहे. त्याच्याकडून मागून घ्यावी.’

*

डॉक्टर दातांचे आहेत. हात इतका सफाईदार, की गळ, शिसं आणि दोरी यांची त्यांनी केलेली बांधणी काचेच्या कपाटात ठेवावी. एकदा त्यांनी नायलॉनच्या जागी दात साफ करायचा धागा वापरला. म्हणाले, “बारीक आहे, मजबूत आहे, पाण्यात दिसत नाही.”

तीन तास झाले. आमच्या गळांना निदान खेकडे तरी टोचे मारत होते, डॉक्टरांच्या गळाकडे कोणी फिरकेना. शेवटी आमच्यातल्या इक्बालभाईंनी तो धागा हातात घेतला, हुंगला आणि म्हणाले, “डॉक्टर, ह्याला पुदिन्याचा वास येतोय.”

“हो, मिंट फ्लेवर आहे.”

“अहो, दात जेवल्यावर साफ करायचे! तुम्ही माशाला जेवायच्या आधीच सांगताय!”

*

आता माझं. मी मिरजोळ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. ऑनलाइन एक बाटली मागवली होती. ल्युअरवर दोन थेंब लावायचे, की म्हणे मासे लांबून वास काढत येतात. पार्सल कंपनीच्या पत्त्यावर आलं. मी घाईघाईनं बाटली पँटच्या खिशात टाकली आणि रॅकच्या शिडीवर चढलो. झाकण कधी सैल झालं, कळलंच नाही.

पंधरा मिनिटांनी सेफ्टी ऑफिसर नाकाला रुमाल लावून आत आले. “कसला वास आहे हा?”

कोणी म्हणालं ड्रेनेज. कोणी म्हणालं केमिकल. ऑफिसरांनी विषाची परीक्षा नको म्हणून सरळ सायरन वाजवला! मशीन बंद, सगळी माणसं बाहेर, गेटपाशी रांगा, हजेरी सुरू.

तोपर्यंत माझी मांडी ओली लागायला लागली होती आणि माझ्या सगळं लक्षात आलं होतं. पण दीडशे माणसांसमोर सांगणार कसं? मी रांगेत शक्य तितका मागे सरकलो. पाठोपाठ मागची माणसं नाक धरून पुढे सरकली.

ऑफिसर ओरडले, “घाबरू नका! आपण सगळे सुरक्षित बाहेर आलो आहोत!”

माझ्या शेजारचा वेल्डर हात वर करून म्हणाला, “साहेब, वासपण आलाय!”

त्या संध्याकाळी मी स्वतःहून जाऊन कबुली दिली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मासे येतात का पण खरंच?”

तिथल्या गेटवर दोन मांजरं अजून माझी वाट बघतात, एवढं सांगतो.

*

कांबळे सरांकडे एक वही आहे. भरती कितीला, वारा कुठून, आमिष कुठलं, शिसं केवढं, सगळं तिच्यात. एकदा त्यांनी हिशेब करून जाहीर केलं, “येत्या रविवारी, सात चाळीस. म्हाकळाचा तुकडा, जड शिसं. रावस येणार.”

आम्ही हसलो. तरी मी गुपचूप म्हाकळाचा तुकडाच लावला. सर मोठ्या खडकाच्या पलीकडे उभे राहिले, मी अलीकडे. सात चाळीसला माझी दोरी ताणली गेली!

“आला!” मी ओरडलो.

“माझ्याकडेपण आला!” पलीकडून सर.

काय जोर होता! मी दोन हात दोरी ओढावी, की त्यानं तीन हात पळावं. मी सैल सोडली, की तोही थांबायचा. हुशार मासा. मी मनात म्हटलं, दमवायला पाहिजे याला. पलीकडून सर ओरडत होते, “माझा दमत आलाय!” मग मी जोर लावला, की “नाही, नाही, परत पळाला!”

वीस मिनिटं! हाताला चरे पडले. शेवटी मी सगळा जीव एकवटून ओढलं, आणि पाण्यातून वर आली ती दोन शिसं, दोन गळ आणि म्हाकळाचे दोन तुकडे, एकमेकांत घट्ट अडकलेले. खडकाच्या कोपऱ्यावरून सर हळूच डोकावले. त्यांची दोरी माझ्या हातात होती.

इक्बालभाई वरच्या कड्यावर थर्मासमधला चहा पीत बसले होते. तिथून दोन्ही बाजू दिसतात.

“अहो, तुम्ही सांगायचं ना!” मी म्हणालो.

“सांगणारच होतो,” ते म्हणाले. “पण म्हटलं, जिंकतो कोण ते तरी बघू!”

सरांनी वहीत लिहिलं: ‘सात चाळीस. ओढ लागली. अनुमान बरोबर.’

*

इक्बालभाई राजिवड्याचे. मस्कतला बंदरात नोकरी करून परतलेले, आणि पक्के ल्युअरवाले. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, की चमच्याच्या आकाराचा पत्रा पाण्यात फिरला की रावसाला तो पळती मांदेली वाटतो. घरात चमचे होतेच. भाभींनी मस्कतहून जपून आणलेल्या डिनर सेटमधले! इक्बालभाईंनी सहा चमच्यांच्या टोकाला ड्रिलनं भोकं पाडली. दांडे कापणार तेवढ्यात भाभी आल्या, म्हणून चमचे पटकन होते तिथं ठेवून दिले. आणि विसरले.

मग ईद आली. भाभींच्या माहेरची माणसं आली. शीरखुर्मा वाढला. आम्ही तिघंही होतो. भाभींच्या थोरल्या भावानं चमचा भरला, तोंडाकडे नेला, तोवर दूध सगळं पांढऱ्या सदऱ्यावर! त्यांनी चमचा उजेडाकडे धरला. भोकातून त्यांचा एक डोळा आमच्याकडे बघत होता.

“ह्याला भोक कशाला?”

भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. इक्बालभाई म्हणाले, “गरम असतो ना शीरखुर्मा. लवकर निवावा म्हणून! मस्कतला असेच मिळतात.”

भाभींनी ते चालवून घेतलं. पाहुणे होते. पण तेव्हापासून घरात सगळ्यांना साधे चमचे, इक्बालभाईंना मस्कतचा. आमटीसुद्धा त्यानंच.

*

आणि हा शेवटचा. त्या रविवारी डॉक्टरांना रावस लागला. खरा! सात-आठ किलोचा असेल, चांदीसारखा. आम्ही चौघं खडकावर लहान पोरांसारखे नाचलो.

पण त्यानं गिळला होता डॉक्टरांनी उसना घेतलेला, इक्बालभाईंच्या मुलीनं मस्कतहून पाठवलेला ल्युअर, त्या जातीचा शेवटचा, आणि तोही पार घशात. इक्बालभाई म्हणाले, “कापू नका. माझा ल्युअर मोडेल.” सर म्हणाले, “ओढूही नका. मासा फाटेल.” डॉक्टर म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे. फक्त उजेड पाहिजे आणि माझी हत्यारं पाहिजेत.”

त्यांचा दवाखाना घराच्या तळमजल्यावरच. आता घरात मासा शिजणं सोडा, नावसुद्धा निघत नाही. डॉक्टर मासे पकडतात हेच त्यांच्या आईला माहीत नाही. रविवारी सकाळी ‘फिरायला’ जातात, एवढंच. पण आई त्या दिवशी गणपतीपुळ्याला गेलेल्या, दुपारपर्यंत येणार नव्हत्या.

रावसाला खुर्चीत निजवला. खुर्ची मागे केली. खुर्ची खराब होऊ नये म्हणून गळ्याखाली पेशंटचा निळा कागद लावला, अंगावर हिरवी चादर. वर दिवा लावला. डॉक्टरांनी मास्क चढवला. सरांनी जबडा धरला, मी ट्रे धरला, इक्बालभाई ल्युअरसाठी दुवा मागत उभे राहिले.

आणि दार उघडलं.

आई! हातात प्रसादाचा पुडा. गाडी लवकर मिळाली म्हणे.

“रविवारी पेशंट?”

“इमर्जन्सी, आई,” डॉक्टर मागे न वळता म्हणाले.

“कोण आहेत?”

इक्बालभाई पुढे झाले. “आमचे पाहुणे. खाडीकडचे.”

आई दारातून दोन पावलं आत आल्या. सरांनी जबडा आणखी घट्ट धरला, त्यामुळे पाहुण्यांची मानही हलली.

“काही बोलत नाहीत ते?”

“तोंड उघडं आहे ना, आई.”

“फार दुखतंय का?”

“आता नाही.”

आईंनी पुडा उघडला, माझ्या हातातल्या ट्रेवर एकेक करून पाच पेढे ठेवले आणि खुर्चीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या,

“घाबरलेत रे बिचारे! मघापासून डोळेसुद्धा मिटले नाहीत. थोडं पाणी तरी दे त्यांना!”