बुरुलचाचं वळण

नारीन नदीच्या वरच्या अंगाला घाटात एक वळण आहे, दिवसभर सावलीत गारठलेलं. नकाशावर त्याला नाव नाही. गावात त्याला बुरुलचाचं वळण म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

बुरुलचा नावाची बाई रस्त्याच्या फटी भरायची. हिवाळ्याआधी हवेच्या झोतानं फट साफ करायची, वाळवायची, तिच्यात उकळतं डांबर ओतायचं, एवढंच काम. पण ते राहिलं की पाणी आत शिरतं, गोठून फुगतं आणि वसंतात रस्त्याच्या जागी खड्डे उरतात. डांबराचा वास येतो म्हणून लग्नाच्या पंगतीत जावा तिच्यापासून सरकून बसायच्या. बुरुलचा खुशाल ऐसपैस बसून जेवायची.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि हेच वळण शेवटी उरलं. शिखरांवर ढग उतरले होते. संध्याकाळी बर्फ पडणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. फटी वाळल्या, डांबर उकळलं, आणि नेमका वरून मेंढरांचा कळप आला. उन्हाळी कुरणांवरून उतरणारा कळप कुणी अडवत नाही. त्यातून हा तिच्या थोरल्या दिराचा, शेरगाझीचा. पण मेंढरं वरून गेली असती तर फटी चिखल-लेंड्यांनी बुजल्या असत्या, आणि पुन्हा वाळवायला वेळ उरला नव्हता.

बुरुलचा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"काइनागा, जरा थांबा," ती दिराला म्हणाली.

"कळपाला आडवं जायची रीत तुझ्या माहेरची वाटतं," शेरगाझी घोड्यावरूनच म्हणाला. "बाजूला हो, सूनबाई. मेंढरांना डांबर कळत नाही."

"मला कळतं, तेवढं पुरे."

मग तिनं वाद सोडला, डब्याच्या पिशवीतून नान काढला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. समोर आलेला नान चाखल्याशिवाय पुढं जाणं शेरगाझीच्या बापजाद्यांना जमलं नव्हतं, त्याला कुठून जमणार?

"खाईन," तो म्हणाला, "पण डांबरासाठी घोड्यावरून उतरणार नाही. उतरायचं ते आपल्याहून थोर माणसासाठी."

डांबराचा बॉयलर सांभाळणाऱ्या कुबातनं चहा द्यायला घेतला, मानाच्या पाहुण्याला देतात तसा, वाडग्यात घोटभरच. संपला की पुन्हा घोटभर. कुत्र्यांनी कळप उतारावर धरून ठेवला, आणि बुरुलचा झारी घेऊन फटीमागून फट भरत गेली.

"पाहुणा केलंस की ओलीस धरलंस?" शेरगाझीनं विचारलं. ती पुढच्या फटीकडे वळली. शेवटच्या फटीवर वाळू पसरली, तेव्हाच ती बाजूला झाली. संध्याकाळी बर्फ पडलं.

दिराला अडवलं, हा विषय जावांना हिवाळाभर पुरला.

वसंतात शेरगाझी कळप घेऊन वर निघाला. खालची वळणं रस्तादुरुस्तीच्या दुसऱ्या टोळीकडे होती. तिथं त्याचा घोडा खड्ड्याखड्ड्यांत अडखळत आला. बुरुलचाच्या वळणावर मात्र बर्फाचं पाणी रस्त्यावरून सरळ वाहून जात होतं, थेंबभरही आत मुरत नव्हतं. डांबराच्या काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. ती फावडं घेऊन कडेला उभी होती. तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता, आणि तिनं तो अभिमान लपवला नाही.

शेरगाझीनं रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रिकिबीतून पाय काढून तो घोड्यावरून खाली उतरला, आणि लगाम हातात धरून ते सबंध वळण पायी चालत गेला.